गुडघ्याचे रोज दोन खेळ

आमच्या घरमालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी निदान चाळीस वेळा पाहिलं आहे. चाळीसही वेळा त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर. पहिल्यांदा मला घेरी आली आणि काकूंनी लिंबाचं सरबत दिलं. पाचव्या-सहाव्या खेळापासून मी तर्री-पोहे खात पाहू लागलो.

खेळ हा शब्द त्यांचाच. सकाळी साडेदहाला एक, संध्याकाळी सहाला एक. रविवारी पाहुणे जास्त असले तर मॅटिनी.

मी पारशिवनीजवळच्या एका लहान गावचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे नागपुरात आल्यावर कोणाला काय विचारावं आणि काय विचारू नये हे मला कळत नसे. गच्चीवरची खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी ना कागद मागितले, ना मार्क विचारले. म्हणाले, "पिक्चर मधातून उठून जातो का?"

"नाही जी."

"मंग ये राहाले."

एवढीच माझी मुलाखत. मी त्यांना काका म्हणू लागलो.

काका सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे. ते टॉकीज केव्हाच बंद पडलं, आता तिथे टाइल्सचं दुकान आहे. काकांच्या डोक्यातलं टॉकीज मात्र चालूच होतं. हॉलमधला सोफा म्हणजे बाल्कनी, खालची सतरंजी म्हणजे स्टॉल. घरातली वीज गेली की ते स्वतःच शिट्टी मारत आणि आली की स्वतःच टाळ्या वाजवत. काकू वैतागून म्हणत, "हे घर हाये का टॉकीज?" त्यावर ते म्हणत, "टॉकीजच. मॅनेजर तू."

जगातली प्रत्येक गोष्ट ते जोडावरून पारखत. फिल्म तुटली की दोन्ही टोकं खरवडून जोडायची आणि जोड पडद्यावर दिसू द्यायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे नळाचा पाइप असो, शर्टाची शिलाई असो, की समोरच्या वकिलांच्या मुलाचं दुसरं लग्न, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जोड कसा हाये?" कॉलेजात मला इंग्रजीतून पाच मिनिटं बोलायचं होतं, त्याची तालीम मी गच्चीवर करत होतो. त्यांनी खालून ऐकली आणि म्हणाले, "वाक्यं बरे हायेत, पण जोड दिसते बे." ते खरं होतं. मी दर वाक्यानंतर 'अँड देन' म्हणत होतो.

त्यांच्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला तो सव्वीस जानेवारीला. लेआउटच्या, म्हणजे आमच्या कॉलनीच्या, मैदानात झेंडावंदन झालं, मुलांचा खो-खो सुरू झाला, आणि मुलांना खांब धरून वळता येत नाही हे काकांना पाहवेना. "अबे, भाजीबाजारात वळल्यासारखं काय वळता? सरका तिकडं," म्हणत एकोणसाठ वर्षांचे काका धावत सुटले. डाव्या हाताने खांब धरला, उजवा पाय जमिनीत रोवला आणि वळले. अंग वळलं, पाय तिथेच राहिला. 'टक' असा आवाज मलाही ऐकू आला. काका खाली बसले, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "फिल्म तुटली."

डॉक्टरांचं म्हणणं होतं की या वयात ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही, व्यायामाने भागेल. पण चालता चालता काकांचा गुडघा मध्येच निसटायचा. जिन्यावर तर ते दोनदा पडता पडता वाचले. आणि मुळात त्यांना ते तत्त्वच मान्य नव्हतं. "तुटली फिल्म डब्यात ठेवून ऑपरेटर घरी जात नसते, डॉक्टरसाहेब. जोडा."

डॉक्टरांनी जोडली. गुडघ्याला दोन लहान भोकं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. काका शुद्धीवर आल्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगू लागले. "मांडीच्या मागची एक पट्टी काढली. दुमडून चारपदरी केली. हाडाले बोगदे पाडले, त्यातून पट्टी ओढली आन् वरून स्क्रू मारला. बाहेरचा एक धागा नाई लावला. सगळं घरचंच सामान." हे शेवटचं वाक्य ते असं म्हणत, जसं काही दिवाळीच्या फराळाबद्दल सांगत आहेत.

दवाखान्यातून सुटी मिळताना फाइलबरोबर एक पेनड्राइव्ह मिळाला. त्यात ऑपरेशनचं चित्रीकरण होतं. बाकीचे लोक तो कपाटात टाकत असतील. काकांनी देवघरात कुंकवाच्या डब्याशेजारी एका रिकाम्या डबीत ठेवला. टॉकीज बंद पडल्यापासून त्यांच्या हातात नवं रीळ आलं नव्हतं. आता आलं, आणि त्यात हिरोचं काम त्यांच्याच गुडघ्याचं.

खेळाची पद्धत ठरलेली. लोक जमले की काका कुबडीने बटण ढोसून दिवा बंद करत. पडद्यावर सुरुवातीला पाचेक सेकंद इंग्रजी मजकुराचा पांढरा चौकोन येई. तेवढ्या वेळात काका पडद्याकडे पाठ करून पब्लिकला बसवत. "बसा, बसा. पाय आत घ्या. वकीलसाहेब, मोबाइल." मी एकदा विचारलं, "काका, ते सुरुवातीला काय लिहून असते?"

"सर्टिफिकेट," काका म्हणाले. "एकतीस वर्षांत सर्टिफिकेट वाचणारा माणूस मी पाहिला नाई. पब्लिक तेव्हा आपली सीट शोधते."

मग गुडघ्याचा आतला भाग दिसू लागे. पाण्यात बुडालेल्या पांढऱ्या गुहेसारखा. फाटलेल्या लिगामेंटचे धागे त्यात शेवाळासारखे हलत. काकांचं निवेदन सुरू होई. "एक मिनिट बावन्न सेकंद. आता पाहा. ही हाडावरची गादी. पाहा कशी हाये, सोललेल्या नारळासारखी! एक ओरखडा दाखवा. दाखवाच." कोणाला दाखवता येत नसे, कारण खरंच नव्हता. "एकोणसाठ वर्षं! एकतीस वर्षं उभ्यानं नोकरी! आन् गादी पाहा." हाडात बोगदा पाडायला ड्रिल आलं की इंटरव्हल. दिवा लागे, काकू चहा आणत, आणि पब्लिक आपापल्या गुडघ्यांबद्दल बोले. वकीलसाहेबांना तर आपला गुडघा दाखवायला कोणी विचारत नाही याचं फार वाईट वाटे. "आमचा बी करकर वाजते," ते म्हणत. "वाजू द्या," काका म्हणत. "तुमचं रीळ निघालं का मंग पाहू."

या सगळ्यामागे एक लग्न होतं.

काकांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, शाळेत शिक्षिका. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरलं होतं. व्याही लकडगंजचे, लाकडाच्या व्यापारातले. आणि काकांना मुलीचं कन्यादान पाटावर मांडी घालून करायचं होतं. हल्ली पुष्कळ वडील गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून विधी करतात. काका अशा लग्नांतून घरी आले की जेवणापेक्षा त्या खुर्चीबद्दलच जास्त बोलत. "होमासमोर खुर्ची टाकून बसला होता माणूस! मी मनात म्हणलं, तिकीट काढून आला का गा?" एकदा गंभीर होऊन मला म्हणाले होते, "एकतीस वर्षं मी लोकांले खुर्चीत बसवलं. स्वतः उभा राहिलो. आता माह्या पोरीच्या लग्नात मी खाली बसन. जमिनीवर. समजलं?"

मला समजलं. आमच्या गावात माझ्या बाबांनाही असंच काहीतरी वाटत असतं, ते कोणाला सांगत नाहीत एवढंच.

अडचण डॉक्टरांची होती. त्यांनी प्रत्येक तपासणीला सांगितलं होतं की जोड चांगला बसला आहे, पण गुडघ्यात झीज आहे. मांडी घालून बसू नका, कधीच नका. तपासणी साधारण दीड मिनिटाची असे आणि त्यातला एक मिनिट डॉक्टर कॉम्प्युटरकडे पाहत. काका बाहेर येऊन म्हणत, "तो सगळ्यांले तेच सांगते. त्यानं नुसतं शूटिंग केलं बे. पिक्चर मी पाहिला." आणि खरंच, झिजलेला गुडघा कुठे होता? रोज दोन वेळा पडद्यावर सोललेल्या नारळासारखी गादी दिसत होती. पुरावा काकांच्या बाजूने होता.

बसण्याच्या सरावासाठी त्यांनी स्वतःची पद्धत काढली. माळ्यावर रिळांचे रिकामे गोल पत्र्याचे डबे होते. त्यातले सात एकावर एक रचून ते त्यावर बसत. जमलं की एक डबा काढायचा, मग सहावर बसायचं. फिजिओथेरपीच्या ताईंनी दिलेला तक्ता त्यांनी स्वयंपाकघरात लावला होता आणि त्यावर काकू दुधाचा हिशोब लिहीत. डबे उतरत गेले. गणपतीत चार उरले, दसऱ्याला दोन. दोनवर काका अडकले. बसताना माझा खांदा धरत आणि त्यांची बोटं माझ्या हाडात रुतत. संध्याकाळी गुडघा सुजे. "सूज म्हणजे जोड बसून राहिला," ते म्हणत.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. व्याह्यांना गुडघा पाठवायचा होता. "त्याईले बी कळू दे, मुलीचा बाप कसा हाये ते. मोबाइलवर जाईन का?" मी म्हणालो, करून पाहतो. पेनड्राइव्ह घेऊन मी वर खोलीत गेलो आणि मित्राच्या लॅपटॉपवर लावला.

मला कागद पूर्ण वाचायची सवय आहे. ही हुशारी नाही, भीती आहे. आमच्या घरात न वाचता अंगठा दिल्याने काय काय झालं ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे मी बसच्या तिकिटाची मागची बाजूही वाचतो. मी पांढरा चौकोन थांबवला आणि अक्षर अक्षर लावून वाचला. रुग्णाचं नाव. वय एकोणीस. स्त्री. डावा गुडघा.

काकांचा उजवा होता.

मी चौकोन पाच वेळा वाचला. मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय. मग मी स्वतःच्या पायाकडे पाहून डावा कुठला तेही तपासलं.

ही गोष्ट काकांना सांगायला मला सतरा दिवस लागले. याचा मला अभिमान नाही. रोज खाली जाताना ठरवायचो, आज सांगू. काका म्हणायचे, "ये, बस, खेळ सुरू होऊन राहिला," आणि मी सतरंजीवर बसायचो. माझ्यासमोर ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या गादीचं कौतुक करायचे आणि पाहुणे माना डोलवायचे. व्याह्यांना मी सांगितलं की फाइल मोठी आहे, जात नाही. एवढं खोटं मी त्याआधी कोणाशी बोललो नव्हतो. काकांना सांगितलं तर त्यांचा खेळ कायमचा बंद होणार. नाही सांगितलं तर ते लग्नात दोन तास त्या गुडघ्यावर बसणार, आणि डॉक्टर जे म्हणत होते तेच खरं होतं. झीज होती. आम्ही कोणीच ती पाहिली नव्हती.

अठराव्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "आज एक डबा काढ." मी काढला. एकच उरला. त्यांनी माझा खांदा धरला, खाली जाऊ लागले, आणि अर्ध्यात त्यांच्या तोंडून असा आवाज आला की स्वयंपाकघरात काकूंच्या हातून पळी पडली. काका घामाघूम झाले होते तरी म्हणत होते, "दाब बे, दाब खांदा. जोड पक्का हाये."

"काका," मी म्हणालो, "त्या पेनड्राइव्हमधला गुडघा तुमचा नाही."

ते तसेच वाकलेले राहिले. "मंग काय तुहा हाये?"

"डावा आहे. तुमचा उजवा आहे. ते सुरुवातीला येते ना, सर्टिफिकेट, त्यात लिहून आहे."

मी त्यांना धरून सोफ्यावर बसवलं आणि मोबाइलवर काढलेला चौकोनाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. एका शब्दावर बोट ठेवलं.

"फिमेल," ते म्हणाले.

काकू पळी घेऊनच बाहेर आल्या होत्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला, वाचला आणि म्हणाल्या, "म्हणूनच मी म्हणो, ह्यांच्यातलं एवढं गोरं काय निघालं!"

एरवी काका यावर काहीतरी बोलले असते. त्यांनी चष्मा काढला. मला विचारलं, "तुले कधी कळलं?" सतरा दिवस झाले, मी म्हणालो. ते बोटांवर मोजत म्हणाले, "सतरा दिवसांचे चौतीस खेळ. तू चौतीस खेळ बसून पाहिले." मग उठून आत गेले. संध्याकाळी वकीलसाहेब आपल्या साडूंना घेऊन सहाच्या खेळाला आले तर काकूंनी दारातूनच सांगितलं, "आज खेळ नाई जी. मशीन बिघडली."

मला वाटलं, खोली सोडावी लागेल. मी पुस्तकं आवरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. म्हणाले, "नोकरीत माह्याकडून एकदा रिळं बदलली होती. माहा डबा दुसऱ्या टॉकीजात गेला आन् त्याचा माह्याकडं आला. कौटुंबिक पिक्चरमधात मधातूनच घोडे पळाले. पब्लिकनं माह्या नावानं अशा शिट्ट्या मारल्या का विचारू नको. ते मले आजवर याद हाये. पण त्या दुसऱ्या टॉकीजातल्या पब्लिकनं काय पाहिलं, हे मी कधी विचारलं नाई."

मला अजून कळलं नव्हतं.

"अबे, तिचा डबा माह्याकडं हाये," काका म्हणाले. "मंग माहा कोणाकडं हाये?"

सतरा दिवसांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी शिकलेला, कागद पूर्ण वाचणारा. मी चौकोनातलं नाव वाचलं आणि ते नाव असलेली कोणी मुलगी कुठेतरी असेल, तिने घरी नेऊन काहीतरी पाहिलं असेल, याचा विचारच केला नाही.

आम्ही ऑटोने दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय त्रास आहे?"

"माहा गुडघा दुसऱ्याच्या घरी गेला," काका म्हणाले.

त्या माणसाने मान वर केली. सगळं ऐकून तो म्हणाला की असं होऊ शकत नाही, कॉम्प्युटरवर सगळं बरोबर आहे. काकांनी फोटो दाखवला. तो म्हणाला, मग ते कॉम्प्युटरने केलं असेल. आणि दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही.

"माहिती कोण मांगून राहिलं? तुम्हीच फोन लावा. म्हणा, एक म्हातारा तुहा गुडघा घेऊन बसला हाये, येऊन घेऊन जा."

"काका, असं बोलता येत नाही," तो म्हणाला.

"मंग मी इथंच बसतो. तुमच्या टीव्हीले पेनड्राइव्ह लागते का? पब्लिक तर जमलीच हाये."

वेटिंग हॉलमध्ये प्लास्टर घातलेली तीसेक माणसं होती आणि भिंतीवर टीव्ही होता. त्या माणसाने फोन लावला.

ती तिसऱ्या दिवशी आली, वडिलांबरोबर, उमरेडकडच्या एका गावातून. उंच, काटक, केस घट्ट बांधलेली मुलगी. कबड्डी खेळायची. चालत नीट होती, पण प्रत्येक पाऊल असं टाकत होती जसं खाली ओली फरशी आहे. आम्ही वेटिंग हॉलच्या बाकावर बसलो. तिच्या वडिलांनी सांगितलं की पेनड्राइव्ह शहरातल्या मुलाकडेच, म्हणजे हिच्या भावाकडेच, राहिला. त्याने त्यातला पिक्चर तुकडे करून हिच्या मोबाइलवर पाठवला, पहिला तुकडा, म्हणजे नेमका सर्टिफिकेटचा, काही आला नाही. बाकीचे आले. गावात ज्याने त्याने पाहिले आणि प्रत्येकाने तेच सांगितलं.

"आतून सारा घासून गेला म्हणे," वडील म्हणाले. "लोक म्हणे, हा म्हाताऱ्याचा गुडघा दिसते. पोरीचा खेळ गेला. डॉक्टर म्हणते सगळं ठीक हाये, व्यायाम कर, सहा-आठ महिन्यांनी मैदानात जा. पण डॉक्टर तर साऱ्यांलेच ठीक म्हणते जी. आम्ही डोळ्यानं पाहिलं ना." मुलीने सात महिने व्यायाम केला नव्हता. बूट चुलत बहिणीला देऊन टाकले होते.

काका कसनुसे झाले. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेनड्राइव्हची डबी काढली. तिला कुंकू लागलं होतं, ते रुमालाने पुसलं आणि डबी मुलीच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "मोबाइल दे. लावून दे. पहिल्यापासून."

मी लावला. पांढरा चौकोन आला. "हे वाच," काका म्हणाले. तिने स्वतःचं नाव वाचलं. त्यानंतर काकांनी बाकावर बसून, हळू आवाजात, तो खेळ केला. पडद्याकडे न पाहता. त्यांना सेकंद न सेकंद पाठ होता. "एक मिनिट बावन्न. आता पाहा, बाई. ही तुही गादी. एक ओरखडा दाखव. मी चारशे लोकांले दाखवली, वकील आले, पोलीस आले, एकालेही ओरखडा सापडला नाई. आता हा बोगदा. सरळ हाये का नाई? आता पट्टी येईन. ओढून राहिला तो... पाहा, कशी बसली! मी एकतीस वर्षं जोड मारले. असा जोड मले एकदाबी जमला नाई."

मुलगी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहत होती. तिचे वडील तिच्या खांद्यावरून वाकले होते. चित्र संपलं तेव्हा तिने विचारलं, "परत लावू का?" आणि उत्तराची वाट न पाहता परत लावलं. दुसऱ्यांदा पाहताना तिने बाकाखाली डावा पाय पूर्ण वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

मग तिला एकदम आठवलं. "तुमचा माह्या मोबाइलमधात हाये, काका. पाहता का?"

काकांनी मोबाइलकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाले, "तू पाहिला ना?"

"रोज. सात महिने."

"कसा हाये?"

तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, मी पाहत होतो. विचार करून म्हणाली, "जोड चांगला हाये, काका. एकदम घट्ट. पण गादी ठीक नाई. तिसऱ्या तुकड्यात एक जागा हाये, तिथं खालचं हाड दिसते. मी तिथं आली का मोबाइल पालथा ठेवो." मग म्हणाली, "पण वाईट नका वाटून घेऊ. लय काम केलेला वाटते तो गुडघा."

काकांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी पाच वेळा सांगितलं होतं. फिजिओथेरपीच्या ताईंनी, काकूंनी, लग्न ठरलेल्या मुलीने सांगितलं होतं. काकांनी त्या सगळ्यांना उडवून लावलं होतं. आता त्यांनी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला, शाळेतला मुलगा विचारतो तसं विचारलं, "माह्या पोरीचं लग्न हाये पंधरा दिवसांनी. त्याच्यावर मांडी घालून बसता येईन का?"

"नका बसू जी," ती म्हणाली.

"दोनच तास."

"नका बसू, काका. मी पाहिला हाये ना."

"बरं," काका म्हणाले. मी त्यांच्या घरात दोन वर्षं राहिलो होतो आणि त्यांच्या तोंडून हा शब्द एकटा, पुढे काही न जोडता, तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

लग्नात ते खुर्चीवर बसले. हॉलची लाल मखमलीची खुर्ची होती, तिचे पाय गुळगुळीत फरशीवरून सरकत होते, म्हणून मला मागे धरून उभं केलं होतं. वकीलसाहेब पहिल्या रांगेतून सारखे आमच्याकडे पाहत होते. काकू पाटावर, काका त्यांच्या हातभर वर, उजवा पाय सरळ पुढे. कन्यादानाची वेळ आली, गुरुजींनी हातांवर पाणी सोडायला सांगितलं, आणि लक्षात आलं की काकांना तेवढं खाली वाकता येत नाही. हातातला तांब्या तिरपा झाला. पाणी पाटावर सांडलं, गुरुजींनी घाईने पोथी उचलली. स्टॉलमधून, म्हणजे पोरांच्या बाजूने, कोणीतरी हसलंही. तेव्हा ताईने नवऱ्याकडे पाहिलं, आणि खाली बसलेल्या त्या दोघांनी आपले जोडलेले हात उचलून वर, थेट काकांच्या गुडघ्यापर्यंत नेले आणि तिथे धरून ठेवले, पाणी पडेपर्यंत.